बोजा उतरेपर्यंत

गृहकर्ज घेतलेल्या माणसाला कर्ज किती आहे असं विचारलं, की तो हप्ता सांगतो. “अडतीस हजार जातात महिन्याला.” शिल्लक मुद्दल किती, दर सध्या किती, हप्ते किती उरले, असं पुढे विचारलं की तो मोबाइल चाचपू लागतो. यात त्याची चूक थोडी. दरमहा येणाऱ्या एसएमएसमध्येही हप्त्याचाच आकडा असतो. बाकीचे आकडे खातेउताऱ्यात असतात आणि तो उघडून बघायची गरज पडत नाही, कारण हप्ता तर ठरलेलाच आहे. गृहकर्जाच्या बहुतेक तंट्यांचं मूळ इथेच असतं. हप्ता स्थिर दिसतो, म्हणून कर्जही स्थिर आहे असं वाटतं.

एक हिशेब मांडून बघू. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं, दर ६.७५ टक्के. २०२१-२२ च्या स्वस्त दिवसांत असे दर सर्रास मिळत होते. हप्ता येतो ३८,०१८ रुपये. बारा हप्ते नेमाने भरले, शिल्लक राहिली सुमारे ४८ लाख ७७ हजार. इतक्यात दर वाढू लागले. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० झाला. कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर ६.७५ चे ९.२५ झाले. दर टप्प्याटप्प्याने वाढले, पण हिशेब सोपा राहावा म्हणून एकदम वाढला असं धरू. आता या शिल्लकीवर एका महिन्याचं व्याजच ३७,५९८ रुपये होतं. हप्ता पूर्वीचाच, ३८,०१८. म्हणजे मुद्दलात जमा होतात जेमतेम ४२० रुपये. याच गतीने कर्ज फेडायचं तर आणखी सुमारे ५८७ हप्ते लागतील. एकोणपन्नास वर्षं!

प्रत्यक्षात एवढी मुदत कुणी देत नाही, कारण कर्जदाराच्या वयाची मर्यादा आड येते. मग संस्था मुदत ताणता येईल तेवढी ताणते आणि तरीही भागलं नाही तर हप्ता वाढवते. पण ताणण्याचा हा भाग कर्जदाराच्या नजरेआड होतो. बँकेतून कापली जाणारी रक्कम तीच, त्यामुळे घरात काहीच बदललेलं नसतं. दोन वर्षांनी कधीतरी खातेउतारा हातात येतो, उरलेल्या हप्त्यांचा रकाना वाचला जातो आणि निवृत्तीच्या पुढची तारीख दिसते. मूळ मुदतीतल्या उरलेल्या २२८ हप्त्यांतच कर्ज फेडायचं ठरवलं असतं, तर हप्ता सुमारे ४५,५०० करावा लागला असता. साडेसात हजारांची ही वाढ अनेक घरांना नक्कीच जड गेली असती. पण जड की हलकं, हे ठरवायची संधीच मिळाली नाही, ही खरी तक्रार आहे.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात याच दुखण्यावर बोट ठेवलं. दर बदलला की त्याचा हप्त्यावर, मुदतीवर किंवा दोन्हींवर काय परिणाम होईल ते कर्जदाराला कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, याचा पर्याय द्यायचा. मुदत वाढवताना हप्त्यातून महिन्याचं व्याजही सुटत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. शिवाय दर तिमाहीला असा तक्ता उपलब्ध करून द्यायचा, ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर एवढं तरी दिसेल. जुन्या कर्जांनाही हे लागू आहे. व्यवहारात हा तक्ता बहुधा पोर्टलच्या पोटात कुठेतरी ठेवलेला असतो आणि पर्याय विचारणारा ईमेल जाहिरातींच्या गर्दीत जाऊन बसतो. उत्तर दिलं नाही, तर संस्था आपल्या सोयीचा पर्याय लावून मोकळी होते. सोय कुणाची, हे सांगायला नको.

म्हणून तिमाहीतून एकदा दोनच आकडे वहीत उतरवावेत: शिल्लक मुद्दल आणि उरलेले हप्ते. तीन महिन्यांत उरलेले हप्ते तीनने कमी व्हायला हवेत. कमी झाले नाहीत, तर त्याच आठवड्यात लेखी विचारावं. “मुदत पूर्ववत करून हप्ता वाढवावा आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा” एवढं एक वाक्य पुरतं. दर उतरतात तेव्हाही नजर हवी. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. रेपोला जोडलेल्या कर्जात ही घट तीन महिन्यांच्या आत पोचायला हवी, कारण बँकांना किमान दर तीन महिन्यांनी दर जुळवून घ्यावाच लागतो. घटीनंतर हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. झेपत असेल तर तो टाळून मुदत कमी होऊ द्यावी. ताणलेली वर्षं परत मिळवायचा याहून स्वस्त मार्ग नाही.

दर पोचलाच नाही, तर आधी कर्ज कशाला जोडलेलं आहे ते बघावं. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या निर्देशांकाला जोडणं सक्तीचं झालं. त्याआधीची कर्जं एमसीएलआरवर, त्याआधीची बेस रेटवर, म्हणजे बँकांनी स्वतः ठरवलेल्या संदर्भदरांवर. काही तर अजून त्याहून जुन्या पीएलआरवर रेंगाळताहेत. गृहवित्त कंपन्यांना मात्र रेपोची सक्ती नाही, त्यांचा संदर्भदर त्या स्वतः ठरवतात. हा दर चढताना जिना धावत चढतो आणि उतरताना कठड्याला धरून उतरतो, असा सगळीकडचा अनुभव आहे. दुसरी गोम स्प्रेडची. रेपोवर संस्था जे अधिकचे टक्के लावते, ते कर्ज मंजूर होताना ठरतात. नव्या ग्राहकाला ओढायला तीच संस्था पुढे कमी स्प्रेड देते, जुना ग्राहक जुन्यावरच राहतो. मागितल्याशिवाय कुणी कमी करत नाही. मागितलं तर थोडं रूपांतर शुल्क घेऊन अनेकदा करतात, विशेषतः दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र हातात असेल तेव्हा. कर्ज खरोखर दुसरीकडे न्यायचं असेल, तर प्रक्रिया शुल्क, वकिलाचा अहवाल, मूल्यांकन, मुद्रांक आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (दुय्यम निबंधकाकडे कर्जाची नोटीस दाखल करण्याचा) खर्च सगळा पुन्हा पडतो. अर्ध्या टक्क्याहून कमी फरकासाठी आणि थोड्या उरलेल्या मुदतीसाठी हा उपद्व्याप सहसा परवडत नाही.

मध्येच थोडे पैसे भरण्यात, म्हणजे पार्ट पेमेंटमध्ये, जितका फायदा आहे तितकाच घोळही. पन्नास लाख, ८.५० टक्के, वीस वर्षं या कर्जाचा हप्ता ४३,३९१ येतो. पहिल्या हप्त्यात ३५,४१७ व्याजाचे आणि ७,९७४ मुद्दलाचे. अगदी सुरुवातीला दोन लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर जवळपास २३ हप्ते वाचतात, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. मात्र पैसे नुसते खात्यात टाकून चालत नाही. सूचना नसेल तर काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ म्हणून बाजूला पडून राहते आणि मुद्दल कमी होत नाही, व्याज चालूच. काही ठिकाणी उलट, मुदत तीच ठेवून हप्ता घटवतात आणि वाचायचे ते वाचत नाहीत. भरतानाच लिहून द्यावं, “ही रक्कम आजच्या तारखेने मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी”. आठवड्याने उतारा काढून मुद्दल खरंच उतरलं का ते बघावं. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क घेता येत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे, तरी कुणी एखादा टक्का लावून बघितला तर आश्चर्य वाटू देऊ नये.

हप्ता परत गेला तर काय होतं, हेही नीट समजलेलं नसतं. समजा जूनचा हप्ता खात्यात शिल्लक नसल्याने परत गेला. लोकांना वाटतं, जुलैचा भरला की जुलै चुकता आणि जून तेवढा बाकी. पण जमा झालेली रक्कम आधी सर्वांत जुन्या थकबाकीला जाते. जुलैचा हप्ता जूनमध्ये जिरतो, ऑगस्टचा जुलैमध्ये. वर्षभर वेळेवर भरूनही माणूस कायम महिनाभर मागे, आणि पतअहवालात दरमहा तीस दिवसांचा उशीर उमटत राहतो. वर बाउन्सचं शुल्क दोन्हीकडून, म्हणजे खातं असलेल्या बँकेकडून आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडून, त्यावर जीएसटी, शिवाय उशिराचा दंड. या दंडाचंही एक बघण्यासारखं आहे. पूर्वी तो व्याजदरात मिसळून लावला जायचा. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना, आणि त्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत जुन्यांनाही, तो वेगळा आकार म्हणून लावावा लागतो, त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. तेव्हा एखादा हप्ता परत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता तो वेगळा भरावा, शुल्कासकट भरावा आणि थकबाकी शून्य झाल्याचं उताऱ्यावर पाहावं. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं. मग तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेतली, तर संस्थेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ही हरकत न घेता नुसत्या शाखेच्या चकरा मारणं ही या टप्प्यावरची सर्वांत महाग चूक.

आता वाटेत धनकोच बदलतो तेव्हाचं. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, डीएचएफएल २०२१ मध्ये पिरामलकडे गेली. अशा वेळी लाखो खाती एका वहीतून दुसऱ्या वहीत जातात. याशिवाय कर्जांचे गठ्ठे एका संस्थेने दुसरीला विकणं हा तर रोजचाच धंदा आहे. त्यात हप्ता गोळा करायचं काम बहुधा मूळ संस्थेकडेच राहतं, त्यामुळे ग्राहकाला पत्ताही लागत नाही. करारातल्या एका कलमाने त्याची संमती आधीच घेतलेली असते. हे बेकायदा नाही. पण स्थलांतरात सुटतात त्या बारीक गोष्टी. खातं क्रमांक बदलतो आणि जुन्या क्रमांकावर केलेलं पार्ट पेमेंट अधांतरी राहतं. जुना आणि नवा असे दोन नॅच आदेश, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायचे आदेश, एकाच महिन्यात लागतात. संदर्भदर बदलताना पूर्वी मान्य केलेला स्प्रेड हरवतो. बदलाची बातमी कानावर आली, की जुन्या पोर्टलवरून सुरुवातीपासूनचा संपूर्ण खातेउतारा उतरवून ठेवावा. पोर्टल बंद झाल्यावर तोच एक पुरावा उरतो.

विम्याबद्दल थोडक्यात. कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात बांधतात आणि हप्त्याची रक्कम कर्जातच मिसळतात. दीड लाखांचा विमा ८.५० टक्क्यांनी वीस वर्षं फेडला, तर महिन्याला १,३०२ रुपये, एकूण तीन लाख बारा हजारांच्या वर पडतो. विमा असावा, पण तो त्यांच्याचकडून घ्यावा अशी सक्ती नाही.

कर्ज फिटत आलं की माणूस सैलावतो. नेमकं इथेच सावध राहायला हवं, कारण पैशाचं कर्ज फिटलं तरी कागदावरचं उतरायचं असतं, आणि कागद एका ठिकाणी नसतो.

शेवटचं पेमेंट अंदाजाने करू नये. आधी फोरक्लोजर लेटर मागावं. त्यात अमुक तारखेपर्यंतची रक्कम आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं. पैसे ज्या दिवशी पोचणार, त्या दिवसाचा हिशेब धरून भरावेत. पाच-पन्नास रुपये कमी पडले तरी खातं उघडं राहतं आणि त्या पन्नास रुपयांवर दंडाचं शेपूट वाढत जातं. हप्त्याच्या तारखेच्या तोंडावर कर्ज मिटवू नये. नॅचची मागणी काही दिवस आधीच बँकेकडे गेलेली असते, त्यामुळे कर्ज मिटल्यावरही एक हप्ता कापला जातो आणि त्याच्या परताव्यासाठी वेगळा पाठपुरावा करावा लागतो. उलट, घाई करून नॅच आधीच बंद केला आणि पैसे पोचायला उशीर झाला, तर बाउन्स. महिन्याच्या मधली तारीख बरी.

मग मूळ कागदपत्रं. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे: पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागदपत्रं परत करायची आणि बोजाची नोंद काढायची. उशीर संस्थेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद गहाळ झाले, खराब झाले तर प्रमाणित प्रती मिळवून द्यायच्या आणि खर्च संस्थेने सोसायचा. या कामाला आणखी ३० दिवस मिळतात आणि भरपाईचा काटा ६० दिवसांनंतर फिरू लागतो. कर्जदार हयात नसेल तर वारसांना कागद कसे मिळतील, याची पद्धत संस्थेला आपल्या संकेतस्थळावर लावावी लागते.

उशीर होतो कशाने? कागद शाखेत नसतातच. ते दूरच्या कुठल्यातरी कोठारात, बहुधा त्रयस्थ कंपनीच्या ताब्यात, बारकोड लावलेल्या पाकिटात असतात. शाखेने मागणी टाकायची, कोठाराने शोधायचं, कुरिअरने पाठवायचं. या साखळीत मागणी टाकायलाच कुणी विसरलं तर ग्राहकाला फक्त “प्रोसेसमध्ये आहे” एवढंच ऐकू येतं. ३० दिवस मोजायचे ते पैसे पूर्ण चुकते झाल्यापासून. म्हणून शून्य शिल्लक दाखवणारा उतारा त्याच दिवशी काढून ठेवावा. भरपाई आपोआप कुणी आणून देत नाही, एकतिसाव्या दिवशी दिवसांचा आकडा लिहून मागावी लागते.

पाकीट हातात पडलं की घरी नेऊन उघडायचं नाही, तिथेच उघडायचं. कर्ज घेताना संस्थेने कागदपत्रांची यादी सही-शिक्क्यासह दिलेली असायला हवी. तिच्याशी एकेक पान ताडून बघायचं: नोंदणी केलेला करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), आधीच्या मालकांचे साखळीतले करार, सोसायटीचा भागदाखला. हरवतात ते बहुतेक साखळीतले जुने करार, कारण यादीत त्यांची “पूर्वीचे दस्त, ४ नग” अशी मोघम बोळवण झालेली असते. यादी मोघम असेल तर भांडणाला पाय राहत नाहीत. नवं कर्ज घेणाऱ्याने त्या दिवशी पाच मिनिटं जास्त थांबून प्रत्येक दस्ताचा क्रमांक आणि पानांची संख्या लिहून घ्यावी. त्या वेळी चावीचा आनंद एवढा असतो की हे कुणी करत नाही. सोबत दिलेले कोरे धनादेश आणि विम्याच्या पॉलिसीवरचा संस्थेचा हक्क सोडल्याचं पत्र, हेही त्याच खेपेत मागावं.

यानंतर नोंदी. सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या नोंदवहीत त्या घरावरचं तारण नोंदलेलं असतं. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत तिथे ते मिटल्याची नोंद करणं संस्थेचं काम आहे. नाममात्र शुल्कात कुणालाही तिथे शोध घेता येतो, तो घ्यावा. घर विकायला काढल्यावर समोरच्या बँकेचा वकील हा शोध घेणारच असतो, मग अडण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. महाराष्ट्रात मूळ दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस दुय्यम निबंधकाकडे दाखल होते. नोंदणी कायद्यातलं हे कलम ८९-ब राज्यात २०१३ पासून लागू आहे. ही नोटीस शोध अहवालात पुढेही दिसत राहते, म्हणून संस्थेचं ना-हरकत पत्र घराच्या दस्तांइतकंच जपायचं. कर्ज नोंदणीकृत गहाणखताने घेतलेलं असेल, तर ना-हरकत पत्र पुरत नाही, गहाण सोडल्याचा दस्तही नोंदवावा लागतो. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा लिहिलेला असतो, तोही पत्र देऊन काढायचा. पतअहवालात खातं “बंद” दिसायला हवं. तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

हे सगळं फोनवर बोलून होत नाही. फोनवरची तक्रार ही तक्रार नसते, ती संभाषण असते. एका पानाचा ईमेल लिहायचा: कर्ज क्रमांक, तारीख, काय हवं, कुठल्या परिपत्रकानुसार. तक्रार क्रमांक मिळवायचा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या पोर्टलवर जायचं, गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ पोर्टलवर. दार चुकलं की फुकट महिने जातात.

बंगला, रो-हाऊस किंवा प्लॉट असेल तर सर्वांत शेवटी तलाठ्याचं दप्तर. हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, पण तोंडात तलाठीच येतं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात संस्थेचं नाव आणि रक्कम बोजा म्हणून लिहिलेली असते. ना-हरकत पत्र जोडून ‘बोजा कमी करणे’चा अर्ज करायचा, तो ई-हक्क प्रणालीवरूनही जातो. फेरफार धरला जातो, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. शहरात नगर भूमापन झालेलं असेल तर हेच काम मिळकत पत्रिकेवर, भूमी अभिलेख कार्यालयात. नवा उतारा काढून त्या रकान्यातलं संस्थेचं नाव गेलं का ते बघायचं, आणि तो उतारा ना-हरकत पत्राला टाचून ठेवायचा.